शेजारच्या लेकी, आपले मैदान

कुटुंबाच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. या पानावर मुलांचे आजार, बचत गटाचे हिशेब, परीक्षेचा अभ्यास, सासू-सुनांचे प्रश्न असे विषय यावेत, ही आपली सवय. मीही एरवी असेच काही लिहिले असते. परंतु २०२४ च्या दिवाळीपासून पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात एका फुटबॉल स्पर्धेवरून जेवढी बोलाचाली झाली, तेवढी थोरलीच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. म्हणून हा विषय घराचाच आहे असे समजून वाचावे.

ही स्पर्धा जगाची नाही. विश्वचषकाची माहिती आपल्या पोरासोरांना तोंडपाठ असते. ही आहे आपल्या शेजाऱ्यांची. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, भूतान आणि मालदीव अशा शेजारी देशांचे संघ दर दोन-तीन वर्षांनी एकत्र येऊन खेळतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सॅफ' स्पर्धा म्हणतात. जगाच्या क्रमवारीत आपण सगळे शेजारी खालच्याच पायऱ्यांवर उभे आहोत. तरीही मला या स्पर्धेची ओढ आहे, आणि ती माझ्या वडिलांपासून आली.

आम्ही राहतो धरमपेठेच्या मागच्या अंगाला, पांढराबोडीच्या बाजूला. धरमपेठ म्हटले की बाहेरच्या माणसाला बंगले, दवाखाने, शिकवणी वर्ग, ट्रॅफिक पार्क आणि गोकुळपेठेचा बाजार आठवतो. त्या बंगल्यांत सकाळी सात वाजता ज्या बायका भांडी घासायला, स्वयंपाकाला, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जातात, त्या आमच्या वस्तीतून जातात. माझ्या सासूबाईंनी तीस वर्षे हेच काम केले. मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे. यजमान ऑटो चालवितात.

माझे वडील सीताबर्डीच्या एका छापखान्यात खिळे जुळविण्याच्या कामावर होते. बोटे कायम शाईने काळी आणि डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. शिक्षण सातवीपर्यंतच, पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानावरील छापखान्याच्या नावापर्यंत वाचीत. आम्हां भावंडांना रात्री जेवणानंतर बातम्या वाचून दाखवीत आणि मग भिंतीवरच्या नकाशावर ते गाव शोधायला लावीत. १९९३ साली या स्पर्धेचा पहिला सामना लाहोरला झाला, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ असे चारच देश त्या वेळी होते, आणि भारत पहिला आला. १९९५ साली कोलंबोला अंतिम सामन्यात श्रीलंकेने आपल्याला एका गोलाने हरविले. १९९७ साली काठमांडूला आपण मालदीवचा ५-१ असा पराभव केला. लाहोर, कोलंबो, काठमांडू ही शहरे मी नकाशावर बोट ठेवून शिकले ती फुटबॉलमुळे.

काठमांडूच्या त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल आय. एम. विजयन याचे होते. बाबांचा तो फार आवडता. केरळातील त्रिशूरचा हा मुलगा लहानपणी तिथल्या फुटबॉल मैदानावर सोड्याच्या बाटल्या विकत असे, हे बाबांनी कुठेतरी वाचले होते. ते आम्हांला म्हणत, "पाहा बापा, ज्या मैदानात सोडा विकला, त्याच मैदानात लोकं त्याले पाहाले तिकीट काढून येऊन राहिले." पुढे २०२५ साली विजयनला पद्मश्री जाहीर झाली. ती बातमी वाचायला बाबा असायला हवे होते.

१९९९ साली ही स्पर्धा आपल्या जवळ, गोव्यात मडगावला आली. एप्रिलच्या अखेरीस सहा देशांचे संघ फातोर्ड्याच्या मैदानावर उतरले. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशचा २-० असा पराभव केला. त्यात एक गोल ब्रुनो कुतिन्हो या गोव्याच्याच खेळाडूचा आणि दुसरा सिक्कीमच्या बायचुंग भुतियाचा होता. पाकिस्तानचा संघही त्या स्पर्धेत येऊन खेळून गेला, आणि पुढे मे महिन्यात कारगिलच्या बातम्या येऊ लागल्या. बाबा दोन्ही बातम्या एकाच आवाजात वाचीत. आमच्या भावाने विचारले, "आता यांच्याशी खेळायचं नाही काय?" बाबांनी चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाले, "शेजारी हाये तो. भांडण झालं म्हणून घर उचलून दुसरीकडे नेता येते काय?"

हे वाक्य मला पुष्कळदा आठवते. २०२३ साली ही स्पर्धा बंगळुरूला झाली. व्हिसा उशिरा मिळाल्यामुळे पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच येऊन पोहोचला. तरी ते खेळले. भारताने ४-० अशी बाजी मारली आणि त्यांपैकी तीन गोल सुनील छेत्रीचे होते. त्या वर्षी भारताने नवव्यांदा हे अजिंक्यपद मिळविले.

नऊ वेळा आपण जिंकलो, याचा आनंद आहेच. परंतु मला जास्त शिकवून गेले ते लहान शेजारी. मालदीवची साऱ्या देशाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. आपल्या नागपूर शहराच्या पाचव्या हिश्श्याएवढा तो देश समुद्रातल्या बेटांवर पसरलेला आहे. त्या मालदीवने २००८ साली आणि २०१८ साली अंतिम सामन्यात भारताला हरवून चषक नेला. अफगाणिस्तान तेव्हा याच गटात होता. युद्धाने पोळलेल्या त्या देशाने २०१३ साली काठमांडूला भारतावर २-० असा विजय मिळविला आणि काबूलच्या रस्त्यांवर माणसे नाचली. पैसा, मोठी लोकसंख्या आणि मोठी मैदाने ज्याच्याजवळ आहेत तोच दर वेळी जिंकतो, असे या स्पर्धेत होत नाही. आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता मुलींच्या स्पर्धेकडे येते, कारण आमच्या घरातील वाद तिथूनच सुरू झाला. महिलांची सॅफ स्पर्धा २०१० साली बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे सुरू झाली. २०१०, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९ अशा पहिल्या पाचही वेळा भारताच्या मुली जिंकल्या. त्या संघांतील किती तरी मुली मणिपूर, ओडिशा, झारखंड, बंगाल, हरियाणा इथल्या साध्या घरांतून आलेल्या. मणिपूरची बेमबेम देवी लहानपणी मुलांच्या संघात मुलाचे नाव सांगून खेळत असे. तिला पुढे २०२० साली पद्मश्री मिळाली. हरियाणातील अलखपुरा नावाच्या एका खेड्यातून तर मुलींचे अख्खे संघ तयार झाले.

नंतर २०२२ साल आले आणि चित्र बदलले. काठमांडूच्या त्या स्पर्धेत बांगलादेशच्या मुलींनी साखळी सामन्यात भारताला ३-० असे हरविले. उपांत्य सामन्यात आपण नेपाळकडून हरलो. अंतिम सामन्यात बांगलादेशने नेपाळचा ३-१ असा पराभव करून पहिल्यांदा चषक उचलला. दोन वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२४ रोजी, त्याच काठमांडूत त्याच दोन देशांत पुन्हा अंतिम सामना झाला आणि बांगलादेश २-१ असा पुन्हा जिंकला.

आमची धाकटी तेव्हा दहावीत होती. वस्तीच्या शेवटी जी मोकळी जागा आहे, तिथे ती तीन वर्षांपासून फुटबॉल खेळत होती. संध्याकाळी तिथे मुलांचे क्रिकेट असते, म्हणून मुलींना मिळते ती पहाट. साडेपाचला सुरू करायचे आणि आया कामावर निघायच्या आत घरी येऊन पाणी भरायचे. शिकविणारा एक तरुण दादा आहे, दिवसभर पार्सल पोहोचविण्याचे काम करतो आणि पहाटे चौदा मुलींना शिकवितो. पैसे घेत नाही.

दिवाळीच्या धामधुमीत ती मोबाइलवर त्या अंतिम सामन्याचे गोल पुन्हा पुन्हा पाहत होती. मी करंज्या तळत होते. ती म्हणाली, "आई, दोन्ही गोल चकमा मुलींचे आहेत. एक मोनिका चकमा, एक ऋतुपर्णा चकमा. आणि गोलकीपर रुपना चकमा." मी विचारले, "चकमा म्हणजे कोण?" तेव्हा तिने मला जे सांगितले आणि नंतर मी स्वतः वाचून जे समजून घेतले, ते आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

बांगलादेशच्या आग्नेय टोकाला चितगावचा डोंगराळ मुलूख आहे. रांगामाटी, खागराछडी आणि बांदरबन हे तिथले जिल्हे. तिथे जे आदिवासी समाज राहतात, त्यांत चकमा सर्वांत मोठा, आणि तो बहुसंख्येने बौद्ध आहे. आपल्या वस्तीतील विहारात ज्या पाली भाषेत वंदना होते, त्याच पालीत त्यांच्याही विहारात होते. सन १९६२ च्या सुमारास तिथे कप्ताईचे मोठे धरण पूर्ण झाले. त्या पाण्याखाली चांगली शेतजमीन आणि जुने रांगामाटी गाव गेले, आणि सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. त्यांतले पुष्कळ लोक आपल्या अरुणाचल प्रदेशात आले. जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला पुढे वर्षानुवर्षे अशांतता आली आणि १९९७ साली तिथे शांतता करार झाला. अशा मुलखातून या तिघी आल्या.

२०२२ साली बांगलादेश जिंकला तेव्हा रुपनाच्या घराचे छायाचित्र सगळीकडे फिरले. दक्षिण आशियातील सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेल्या मुलीचे घर मोडकळीला आलेले. ते पाहून तिथल्या सरकारला घर बांधून देण्याची घोषणा करावी लागली. ऋतुपर्णाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २०२२ च्या विजयानंतर ढाक्यात उघड्या बसमधून संघाची मिरवणूक निघाली, रस्त्यांवर मोठी गर्दी. त्या मिरवणुकीत रस्त्यावरील एका फलकाचा मार लागून ऋतुपर्णा जखमी झाली, टाके पडले. तीच मुलगी दोन वर्षांनी अंतिम सामन्यात ८१ व्या मिनिटाला विजयाचा गोल करते आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरते.

परंतु चषक काही एकट्या चकमा मुलींनी आणला नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही वेळची कर्णधार सबिना खातून मुसलमान घरातली. २०२२ च्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारी कृष्णा राणी सरकार हिंदू. मारिया मांडा ही गारो या आदिवासी समाजातली. ती आणि संजिदा अख्तर या कलसिंदूर नावाच्या एकाच गावच्या. मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयाच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे लहानसे गाव. बांगलादेश सरकारने सरकारी प्राथमिक शाळांतील मुलींसाठी २०११ पासून देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू केली. कलसिंदूरच्या शाळेतील शिक्षकांनी मुलींना घराघरांतून मैदानावर आणले, पालकांची समजूत काढली, आणि त्या एका गावातून पाहता पाहता राष्ट्रीय संघाच्या मुली निघाल्या. त्यांच्या यशानंतर गावात वीजही आली. गावात दिवे लागले ते पोरींच्या पायांनी.

धाकटीने हे सगळे वहीत लिहून ठेवले होते. ते कशासाठी, हे आठ दिवसांनी कळले. राज्याच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघासाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या गावी निवड चाचणी होती, जानेवारीत. त्याच महिन्यात शाळेची पूर्वपरीक्षा आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा.

मग आमच्या घरात जे झाले ते तुमच्याही घरी झाले असते. सासूबाई म्हणाल्या, "दहा वर्साची होती तंवर ठीक होतं. आता पोरीच्या जातीनं हाफ पँट घालून चेंडूमागं धावावं काय? पाय-बीय मोडला तं कोण करन लगन?" यजमानांचा लग्नावर कटाक्ष नव्हता. ते म्हणाले, "खेळाले माझी ना नाही. पण दहावीचं वरीस हाये. मी ऑटो चालवतो ते काहून? पोरगी शिकली पाहिजे म्हणून. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी जाशीन." धाकटी खाली पाहत म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी या वयोगटात बसत नाही."

त्यांचेही बरोबर होते आणि तिचेही बरोबर होते. आपल्या समाजाला शिक्षणाचे मोल कुणी नव्याने सांगायला नको. आपण पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकविले. दहावीचे वर्ष म्हणजे घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद. अशा वर्षी चेंडू घेऊन परगावी जाणे हे कुणालाही उधळेपणाच वाटणार. पुन्हा पैशाचा प्रश्न होता. खेळण्याच्या बुटांची टाच सुटली होती, सुतळीने बांधून ती खेळत होती. नवे साधे बूट नऊशे रुपयांचे. गाडीभाडे, एक रात्र राहणे, बोनाफाइड दाखला, जन्माचा दाखला, फोटो हा खर्च वेगळा. ऑटोचा हप्ता तर कोणत्याच महिन्यात चुकत नाही.

दोन-तीन दिवस घरात कुणी मोकळेपणाने बोलले नाही. मग एका रात्री सासूबाई कंदमुळे सोलत बसल्या होत्या, तेव्हा धाकटीने त्यांच्यासमोर मोबाइल धरला. त्यावर रुपनाच्या घराचा तो जुना फोटो होता. सासूबाईंनी डोळे बारीक करून पाहिला.

"हे कोणाचं घर हाये वं?"

"आजी, ही सगळ्यांत चांगली गोलकीपर ठरली ना, तिचं."

"इतकं मोठं नाव झालं अन् घर असं?"

"हो. तेव्हा असंच होतं."

सासूबाई बराच वेळ फोटो पाहत राहिल्या. तीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांच्या फरश्या पुसलेली बाई ती, घर पाहिल्यावर तिला घरातली माणसे दिसतात. शेवटी म्हणाल्या, "हिच्या मायनं पाठवलं ना हिले." आणि पुन्हा सोलायला लागल्या.

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला धाकटीला उठवायला मी गेले, तर ती आधीच उठून बसली होती आणि सासूबाई तिला रात्रीची पोळी गुळाशी बांधून देत होत्या.

यजमानांनी अट घातली. रोज रात्री आठ ते अकरा अभ्यास, आणि पूर्वपरीक्षेचा एकही पेपर चुकणार नसेल तरच जायचे. सुदैवाने चाचणी रविवारी होती. बुटांचे पैसे मी भिशीतून दिले. शिकविणारा दादा आणि एका मुलीची आई असे दोन मोठे माणूस सोबत गेले.

ती चाचणीत पहिल्या यादीत आली. शेवटच्या यादीत तिचे नाव नव्हते. परत आली त्या रात्री जेवली नाही. पाठ करून झोपली आणि मला कळत होते की ती झोपलेली नाही. यजमानांनी एरवी "सांगितलं होतं ना" असे म्हटले असते, पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी तिची पुस्तकाची पिशवी खुंटीवरून काढून तिच्या उशाशी ठेवली आणि बाहेर जाऊन ऑटो पुसत बसले. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा मैदानावर गेली. दहावीत तिला एकाहत्तर टक्के मिळाले. खेळली नसती तर ऐंशी मिळाले असते, असे एका नातेवाइकांनी सांगितले. खेळली नसती तर अभ्यासाला रोज पहाटे पाचला उठली असती का, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

आता काही गोष्टी मोकळेपणाने सांगते. खेळातून घर चालेल, नोकरी लागेल, अशी खात्री कुणी देत असेल तर तिच्यावर विसंबू नये. चषक जिंकलेल्या मुलींनाही सुख लागलेले नाही. २०२२ साली बांगलादेशच्या मुली अजिंक्य ठरल्या, आणि पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीसाठी म्यानमारला जायला पैसे नाहीत म्हणून त्यांचा संघ पाठविलाच गेला नाही. त्या मुली तरी खेळत राहिल्या. २०२५ च्या जुलैमध्ये त्याच म्यानमारमध्ये जाऊन त्यांनी यजमान संघाला २-१ असे हरविले, दोन्ही गोल ऋतुपर्णाचे, आणि पहिल्यांदा आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. तीनच दिवसांनी आपल्या भारताच्या मुलींनीही थायलंडला २-१ असे हरवून ती पात्रता मिळविली. त्यातले दोन्ही गोल बंगालमधील कल्याणीच्या संगीता बासफोर हिचे. धाकटीने तेव्हा दोघींचे फोटो अभ्यासाच्या टेबलावर शेजारी शेजारी लावले. मी म्हटले, "दोन देशांच्या दोघी एकाच भिंतीवर?" ती म्हणाली, "आजोबा म्हणायचे ना, शेजारी आहे तो." आजोबांना तिने पाहिलेले नाही. ते वाक्य माझ्याकडूनच तिच्यापर्यंत गेले असणार.

आणि एक शेजारीण अशी आहे, जिची आठवण काढली की घास अडतो. अफगाणिस्तानच्या मुली २०१० पासून या स्पर्धेत खेळत होत्या. २०१२ साली तर त्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या होत्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानची सत्ता आली आणि तिथे मुलींचे खेळ बंद झाले, मोठ्या शाळाही बंद झाल्या. कित्येक खेळाडू देश सोडून ऑस्ट्रेलियात गेल्या. २०२५ साली फिफाने निर्वासित अफगाण मुलींचा एक संघ उभा केला. वर्गाचे दार बंद झाले तेव्हा मैदानही बंद झाले. आपल्या घरात आपण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या करतो, म्हणून हे सांगितले.

आपल्या नागपूरचे उदाहरण तर घराजवळचे आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी पोरे पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉलचे काम सुरू केले. त्या कामावरून नागराज मंजुळे यांनी 'झुंड' हा चित्रपट काढला, तो २०२२ साली आला. आम्ही सारे घर तो पाहायला गेलो होतो. बाहेर पडताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे तं आपलेच पोट्टे हायेत." त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर मुलगेच होते.

कलसिंदूरला काय होते, याचा मी विचार करते. एक सरकारी शाळा, एक मैदान, दोन-चार चिकाटीचे शिक्षक आणि समजूत पटलेले आई-बाप. यात फार पैसा लागेल असे काही नाही. आमच्या वस्तीत दादा आहे, मुली आहेत, आता आई-बापही तयार होऊ लागले आहेत. अडचण आहे ती मैदानाची. २०२५ च्या उन्हाळ्यापासून त्या मोकळ्या जागेत रात्रीच्या गाड्या लावण्यास सुरुवात झाली. एक गाडी आली, मग चार आल्या, मग बारा. पहाटे मुली आल्या की खेळायला अर्धीच जागा. बोलायला गेले तर उत्तर मिळे, "पोरी काय कुठंही खेळतीन."

आम्ही बायकांनी अर्ज लिहिला. अंगणवाडीत येणाऱ्या आयांकडून सह्या घेतल्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घेतले. एकशे बारा सह्या झाल्या. सर्वांत पहिली सही सासूबाईंची. त्या साक्षरता वर्गात शिकल्या होत्या, अक्षर वाकडे पण पूर्ण नाव. गाडीवाल्यांशी बसून बोललो. शेवटी असे ठरले की सूर्य उगवायच्या आत गाड्या एका कडेला लागतील आणि साडेसातपर्यंत मैदान मोकळे राहील. हे तोंडी ठरले आहे, कागदावर नाही. आठवड्यातून एखादा दिवस कुणाची तरी गाडी मध्येच उभी असते, आणि मग पोरी तिला वळसा घालून खेळतात. कागदावर येईपर्यंत आम्ही पाठपुरावा सोडणार नाही.

वाचक मातांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या वस्तीत अशी एखादी जागा असेल तर ती जाऊ देऊ नका. मंडळाच्या वर्गणीतून दरवर्षी वाजंत्रीवर जो खर्च होतो, त्यातून दोन चेंडू आणि चार जोड बूट बाजूला काढायला सांगा. मुलगी खेळायला जाते म्हणाली तर शाळेचे वेळापत्रक आणि खेळाचे वेळापत्रक तिच्यासोबत बसून एकाच कागदावर लिहा. तिला एकटीला पाठवू नका, सोबत कुणीतरी मोठे जा. मासिक पाळीच्या दिवसांत काय करायचे, दुखापत झाली तर कुठे न्यायचे, हे आधीच बोलून ठेवा. लाजेने या गोष्टी राहून जातात आणि मग मुलीच मैदान सोडतात.

आमची धाकटी आता अकरावी-बारावीच्या वयाची झाली. निवड होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. रविवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी माझ्या अंगणवाडीतून निघालेल्या लहान पोरींना चेंडू शिकवितात. मागच्या रविवारी नऊ आल्या होत्या, त्यांतल्या चौघी चपला काढून अनवाणी खेळल्या. एकीच्या आजीने काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या.